सही न करणाऱ्यांचं काय?

६ जानेवारी १९७७ रोजी प्रागमध्ये पोलिसांनी पाठलाग करून एक मोटार अडवली. आत तिघं होते : नाटककार वात्स्लाव हावेल, लेखक लुडविक वात्सुलिक आणि नट पावेल लांडोव्स्की. त्यांच्याकडे हत्यारं नव्हती. काही पाकिटं होती आणि सुमारे २४० लोकांच्या सह्यांचं एक निवेदन होतं. ते सरकारला आणि संसदेला द्यायला ते निघाले होते. त्या निवेदनाचं नाव ‘चार्टर ७७’.

तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट पक्षाची एकहाती सत्ता होती. १९६८ मध्ये याच पक्षातल्या काहींनी लोकांना थोडी मोकळीक द्यायचा प्रयत्न केला, तेव्हा सोव्हिएत रणगाडे आले आणि तो प्रयोग तिथेच संपला. पुढची कित्येक वर्षं देश जवळजवळ गप्प होता. मग १९७६ मध्ये ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या रॉक बँडच्या वर्तुळातल्या तरुणांना खटला भरून तुरुंगात टाकलं गेलं. त्या खटल्याने एरवी एकमेकांशी फारसं न पटणारे लोक एकत्र आणले. पक्षातून काढलेले कम्युनिस्ट, धार्मिक मंडळी, लांब केसांचे गायक, तत्त्वज्ञ.

त्यांची मागणी आज वाचली तर साधी वाटते. सत्ता सोडा, असं त्यात कुठेच नव्हतं. सरकारने १९७५ मध्ये हेलसिंकी करारावर सही केली होती. मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार १९७६ पासून तिथे लागू झाले होते, सरकारने ते स्वतःच छापलेही होते. चार्टरचं म्हणणं एवढंच की, जे कबूल केलंय ते पाळा. आम्ही संघटना नाही, आम्हाला नियमावली नाही, सभासदत्व नाही, हेही त्यात लिहिलं होतं. पटलं तर सही करा, बस्स.

किंमत मात्र जबर होती. सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. शिकलेसवरलेले लोक बॉयलरमध्ये कोळसा टाकू लागले, खिडक्या पुसू लागले. त्यांच्या मुलांना कॉलेजचे दरवाजे बंद झाले. चार्टरच्या पहिल्या तीन प्रवक्त्यांपैकी एक, तत्त्वज्ञ यान पातोच्का, ६९ वर्षांचे होते. लांबलचक पोलीस चौकशांनंतर १३ मार्च १९७७ रोजी ते वारले. त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी पोलिसांचं हेलिकॉप्टर डोक्यावर घिरट्या घालत होतं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, मीही सही केली असती. आपल्या सगळ्यांनाच असं वाटतं. दुसऱ्याच्या देशात, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, आपण सगळे शूर असतो.

मग एक अर्ज आठवला. काही वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसातल्या सफाई कामगारांचा तीन महिन्यांचा पगार कंत्राटदाराने थकवला होता. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने वरिष्ठांसाठी अर्ज लिहून सह्यांसाठी फिरवला. तो माझ्या टेबलावर आला तेव्हा माझं प्रमोशन तोंडावर आलं होतं. “वाचून देतो,” म्हणालो. वाचला, आणि सही न करता पुढे सरकवला. तुरुंगाची भीती नव्हती, कोळसा टाकायला लागणार नव्हता. फक्त एक साहेब नाराज झाला असता.

तेव्हापासून मला चार्टरवर सह्या करणाऱ्यांपेक्षा न करणाऱ्यांबद्दल जास्त कुतूहल आहे. दीड कोटी वस्तीच्या देशात १९८९ पर्यंत सह्यांचा आकडा दोन हजारांपर्यंतही पोचला नाही. मग बाकीचे सगळे भेकड?

हावेलने १९७८ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात एक भाजीवाला आहे. तो कांदे-गाजरांच्या शेजारी पक्षाची घोषणा लावतो. त्याचा तिच्यावर विश्वास नसतो, पण ‘मी वाकलोय’ हे त्यातून सगळ्यांना कळतं, आणि शेजारचा दुकानदारही वाकतो. सत्ता अशा लाखो पाट्यांवर उभी असते. हे मला पटतं. पण त्याच वर्षाच्या शेवटी वात्सुलिकने, म्हणजे त्याच मोटारीतल्या वात्सुलिकने, धैर्यावर एक छोटा लेख लिहिला. शूरांकडे बघून साधा माणूस धीट होण्याऐवजी बिचकतो, त्याला रोजचा सभ्यपणा जमण्यासारखा असतो, असा त्याचा सूर होता. चळवळीतले मित्र चिडले. मला मात्र तोही खरा वाटतो. आजारी आई घरी असलेल्या माणसाला ‘तू तुरुंगात जा’ म्हणायचा हक्क मला कोणी दिला? धैर्य स्वतःकडे मागता येतं. दुसऱ्याकडे मागितलं की ती वसुली होते.

आणि शूर माणसंही एकसारखी शूर नसतात. १९७७ च्या वसंतात कोठडीतून हावेलने सुटकेसाठी एक अर्ज केला. सरकारने त्यातल्या शब्दांचा वापर करून तो नमला असं चित्र उभं केलं. त्याची लाज त्याला पुढे अनेक वर्षं छळत राहिली, आणि ती त्याने लपवली नाही.

मग रेघ कुठे ओढायची? मला ती २८ जानेवारी १९७७ ला सापडते. त्या दिवशी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नट, गायक, चित्रकारांना बोलावून चार्टरविरोधी जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या. नावांच्या याद्या पक्षाच्या वर्तमानपत्रात झळकल्या. चार्टरचा मजकूर देशात छापलाच नव्हता, त्यामुळे त्यांतल्या बहुतेकांनी तो वाचलेला नव्हता. गप्प बसणं वेगळं आणि जे बोलले त्यांच्या विरोधात आपला आवाज उसना देणं वेगळं. गप्प बसलेला माणूस उद्या उठू शकतो. आवाज देऊन बसलेल्याला आधी स्वतःशी खोटं बोलावं लागतं : ते लोक वाईटच होते.

या दोन टोकांच्या मधल्या लोकांच्या पट्ट्याला समाजशास्त्रज्ञ यिरिना शिक्लोव्हा यांनी १९८९ मध्ये ‘करडा विभाग’ म्हटलं. बंदी घातलेली पुस्तकं तिथे कार्बन पेपर घालून टाइप केली जायची आणि हातोहात फिरायची. ती वाचणारे, दडवणारे, पुढे देणारे सगळेच काही सही केलेले नव्हते. सही न करणाऱ्याचंही एक कर्तव्य असतं, असं मला त्यातून कळलं. जमेल तेवढी मदत करावी. तीही जमत नसेल तर निदान सही करणाऱ्याला वेडा ठरवू नये, आपल्या भीतीला शहाणपण म्हणू नये.

माझी चूक अर्ज पुढे सरकवण्यात होती, पण मोठी चूक नंतरची. त्याच दुपारी चहाच्या टपरीवर मी म्हणालो होतो, “तिला उगाच हिरोगिरी करायची सवयच आहे.” चौघं हसले. त्यांतल्या दोघांच्या सह्याही त्या अर्जावर आल्या नाहीत. कामगारांचे पैसे महिन्याभराने मिळाले, ते तिच्यामुळे. टपरीवरचं वाक्य मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे वाचेल तेव्हा तिला कळेल.