पडद्याचे प्रामाण्य

एखादे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत प्रामाण्यवाद या नावाने चर्चिला गेला असून त्यावर मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद शेकडो वर्षे चालला. हा वाद पोथ्यांपुरताच होता असे मानण्याचा प्रघात आहे. परंतु १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडल्यानंतर रायगडच्या किनारपट्टीवर उरण, थळ, उसर, नागोठणे या पट्ट्यात जे उद्योग उभे राहिले, त्यांसारख्या कारखान्यांच्या कंट्रोल रूममध्ये तोच वाद दर पाळीला नव्याने उभा राहतो, आणि तिथे उत्तर चुकले तर त्याची किंमत माणसांना मोजावी लागते.

अलिबागच्या उत्तरेस थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया तयार होतो. युरिया बनवण्याच्या प्रक्रियेत मुख्य पात्रातील दाब वातावरणाच्या दीडशे पटींच्या आसपास आणि तापमान १८० अंशांच्या वर असते, तर साठवणीच्या टाकीतला द्रवरूप अमोनिया उणे ३३ अंशांवर ठेवावा लागतो. साहजिकच पात्राच्या आत काय चालले आहे हे कोणाला डोळ्यांनी पाहता येत नाही. अशा कारखान्यांत पॅनेल ऑपरेटरसमोर असतो तो डीसीएसचा पडदा. डीसीएस म्हणजे नियंत्रणाचे काम एकाच यंत्राकडे न ठेवता अनेक नियंत्रकांत वाटून देणारी संगणकीय व्यवस्था. १९७५ पासून हनीवेल आणि योकोगावा यांनी ती बाजारात आणली आणि भिंतभर मांडलेल्या डायलांची जागा हळूहळू पडद्यांनी घेतली.

या पडद्यावर जे दिसते, ज्याला कारखान्यात सरसकट ‘ग्राफिक’ म्हणतात, ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींचे बनलेले असते. त्यातले आकडे जिवंत असतात: ट्रान्समीटर दाब किंवा पातळी मोजतो, नियंत्रक ती वाचतो आणि काही क्षणांत ती पडद्यावर उमटते. पण ज्या रेषांवर, टाक्यांवर आणि व्हॉल्व्हच्या खुणांवर ते आकडे बसवलेले असतात, ते चित्र मात्र कोणीतरी पूर्वी काढून ठेवलेली फाइल असते, आणि कित्येक व्यवस्थांत या फाइलच्या प्रती प्रत्येक ऑपरेटर स्टेशनवर स्वतंत्रपणे ठेवलेल्या असतात. समजा, वार्षिक शटडाउनमध्ये एका पंपाला नवी बायपास लाइन जोडली गेली आणि अभियंत्याने ग्राफिक सुधारले. ते चार स्टेशनांवर पोहोचले, परंतु पाचवे स्टेशन त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असल्याने तिथे जुनीच प्रत राहिली. पाचव्या स्टेशनवर बसलेल्या माणसाला दिसणारा प्रवाहाचा आकडा अचूक आहे, अलार्मही वेळेवर येत आहेत. तरी त्याच्यासमोर जो कारखाना आहे तो गेल्या वर्षीचा आहे. शेजारच्या खुर्चीतला सहकारी त्याच क्षणी यंदाचा कारखाना पाहत आहे, आणि दोघेही एकाच व्हॉल्व्हविषयी बोलत असल्याची दोघांची खात्री आहे.

शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभी अध्यासाचे जे विवेचन केले आहे ते इथे जवळजवळ जसेच्या तसे लागू पडते. पूर्वी अन्यत्र पाहिलेली गोष्ट स्मृतीच्या रूपाने समोरच्या वस्तूवर भासणे म्हणजे अध्यास. शिंपल्यावर रुपे दिसते तेव्हा शिंपला खोटा नसतो, रुपेही कुठेतरी खरे असते, खोटा असतो तो त्या दोहोंचा जोड. जुन्या ग्राफिकवर नवा आकडा दिसतो तेव्हा नेमके हेच घडते. म्हणूनच असा दोष बिघडलेल्या ट्रान्समीटरपेक्षा अधिक घातक मानला पाहिजे, कारण बिघडलेले यंत्र बहुधा काहीतरी वेडेवाकडे दाखवून स्वतःला उघडे पाडते, तर जुने चित्र पूर्ण सुसंगत असते.

मग ऑपरेटरला पडद्यावरून होणारे ज्ञान कोणत्या प्रकारचे? ते प्रत्यक्ष आहे असे वाटते, पण प्रत्यक्षाला इंद्रियाचा वस्तूशी संपर्क लागतो, आणि इथे डोळ्यांचा संपर्क केवळ काचेशी आहे. चिन्ह पाहून वस्तू ओळखणे असल्याने ते काही अंशी अनुमान आहे. परंतु मुळात ते शब्दप्रमाण, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारे ज्ञान आहे असे म्हणणे अधिक योग्य ठरेल, कारण हे चित्र म्हणजे अमुक यंत्र अमुक जागी आहे असे कोणीतरी केलेले विधान असते. हा भेद विसरल्याचे परिणाम जगाने पाहिले आहेत. २८ मार्च १९७९ रोजी पेन्सिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकून राहिला होता, पण पॅनेलवरचा दिवा व्हॉल्व्हची स्थिती नव्हे तर त्याला दिलेला विद्युत आदेश दाखवत होता. दिवा विझला, ऑपरेटरांनी व्हॉल्व्ह बंद झाला असे मानले, आणि दोन तासांहून अधिक काळ शीतक पाणी बाहेर जात राहिले. २३ मार्च २००५ रोजी टेक्सस सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात ऊर्ध्वपातन स्तंभ द्रवाने भरत चालला असता पडद्यावर पातळी उतरत असल्याचे दिसत होते, आणि आत येणारा व बाहेर जाणारा प्रवाह वेगवेगळ्या पडद्यांवर असल्याने दोहोंतली तफावत एका नजरेत येण्यासारखी नव्हती. त्या स्फोटात १५ माणसे मृत्यू पावली.

यावर सहज सुचणारा उपाय असा की ऑपरेटरने पडद्यावर विश्वास ठेवू नये. मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने याला फार पूर्वीच उत्तर दिले आहे. प्रत्येक ज्ञान पडताळण्यासाठी दुसरे ज्ञान हवे असेल तर त्या दुसऱ्यासाठी तिसरे लागेल, आणि या अनवस्थेत, म्हणजे न संपणाऱ्या साखळीत, कोणतीही कृती कधीच सुरू होणार नाही; म्हणून ज्ञान स्वतःच प्रमाण मानावे, आणि त्याला बाध करणारे दुसरे ज्ञान पुढे आले किंवा ते ज्या साधनातून आले त्यातला दोष कळला, तरच ते सोडावे. उलट नैयायिक म्हणतात की खरेपणा बाहेरूनच ठरतो आणि त्याची कसोटी म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफल होणे. पाण्याच्या ज्ञानाला ही कसोटी चालेल, तहान भागली नाही तर माणूस पुढची विहीर शोधेल. अमोनियाच्या लाइनवर मात्र ‘करून पाहू’ ही कसोटी कोणालाही परवडणारी नाही. पॅनेलवर बसलेला माणूस त्याच्या कामामुळेच मीमांसक असतो. अलार्म आला की काही सेकंदांत त्याला निर्णय घ्यायचा असतो आणि पडद्याला प्रमाण मानण्यावाचून त्याच्यापुढे मार्ग नसतो.

यातून जे निष्पन्न होते तेच या प्रश्नाचे मर्म आहे. पॅनेलवर संशयाला जागा नसेल, तर चित्र पॅनेलवर येण्याआधी संशय पुरेपूर घेतला गेला पाहिजे. ग्राफिकची मूळ प्रत एकाच ठिकाणी असणे, बदल फक्त तिच्यात आणि मंजुरीनंतरच होणे, तिथून तो सर्व स्टेशनांवर जाणे, प्रत्येक पडद्याच्या कोपऱ्यात आवृत्तीचा क्रमांक दिसणे, बंद असलेले स्टेशन पुन्हा सुरू होताच त्याने आपली प्रत मुळाशी ताडून पाहणे, या गोष्टी कारखान्यांत संगणक विभागाची किरकोळ कामे समजल्या जातात. वास्तविक नैयायिकांचे परतःप्रामाण्य, म्हणजे बाहेरून केलेला पडताळा, इथे पूर्ण केला जातो, म्हणूनच पॅनेलवर मीमांसकांचे स्वतःप्रामाण्य निर्धास्तपणे वापरता येते. एखाद्या पाळीच्या सोयीसाठी एकाच स्टेशनवर परस्पर केलेला बदल कितीही उपयुक्त असला तरी तो या विश्वासाचा भंग आहे, कारण पुढच्या पाळीला त्याची कल्पना नसते.

भाट्ट मीमांसकांचे आणखी एक प्रमाण इथे मोलाचे आहे. अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसण्यावरून तिच्या अभावाचे ज्ञान होणे, हे त्यांनी स्वतंत्र प्रमाण मानले, पण अट अशी की वस्तू असती तर ती दिसण्याजोगी परिस्थिती असली पाहिजे. अलार्मची यादी रिकामी आहे यावरून सर्व ठीक आहे असे म्हणता येते ते अलार्म यंत्रणा जिवंत असेल तरच. पावसाळ्यात खाऱ्या हवेने जंक्शन बॉक्सच्या जोडण्या गंजतात आणि सिग्नल तुटतो. तेव्हा शेवटचा आकडा तसाच दाखवत राहणारे ग्राफिक अभावालाच भावाचे रूप देते. तुटलेल्या सिग्नलच्या जागी रंग बदलला पाहिजे, आकडा पुसून रेघा आल्या पाहिजेत, आणि हा संकेत सर्व स्टेशनांवर एकच असला पाहिजे.

हे चित्र म्हणजे दुसऱ्याचे सांगणे असेल, तर ते सांगणारा कोण, याला सर्वाधिक महत्त्व येते. वात्स्यायनांच्या न्यायभाष्यानुसार ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जी जशी पाहिली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. ग्राफिक काढणारा अभियंता पुष्कळदा आराखड्यावरून काम करतो, तर लाइन साक्षात जाणतो तो फील्ड ऑपरेटर किंवा फ्लँजचे बोल्ट आवळणारा कंत्राटी फिटर, ज्याचे मत ग्राफिक मंजूर करताना क्वचितच विचारले जाते. शटडाउननंतर ग्राफिकची छापील प्रत हातात देऊन अशा माणसाला लाइनच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालवावे, त्याने खूण केलेली प्रत्येक चूक मूळ प्रतीत दुरुस्त व्हावी, आणि मंजुरीच्या कागदावर अभियंत्याच्या सहीशेजारी त्याचीही सही असावी.