तुम्ही मूळचे कुठले?



सावद्यात आपल्याला हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि आपणही त्याचे ठरलेले उत्तर देतो. कोणी राहाता सांगतो, कोणी संगमनेर, कोणी वसई, कोणी गोवा. ज्यांचा जन्म इथला, शाळा इथली, वडिलांची कबरही इथे आहे, तेसुद्धा आजोबांच्याच गावाचे नाव घेतात. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते. पण या साध्या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न लपलेला आहे. माणूस एखाद्या गावाचा होतो तो कशाने? जन्माने, सातबाराच्या उताऱ्याने, की तिथे राहून?

आपल्या सावद्याकडेच पाहू या. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये ही काळी कसदार जमीन. अशा जमिनीवर सगळ्यांचाच डोळा असतो. १७६३ साली निजामाकडून सावदा पेशव्यांकडे आले आणि थोड्याच काळात सरदार रास्त्यांना देण्यात आले. पुढे इंग्रज आले. कागदावर मालक बदलत गेले, नांगर धरणारे हात मात्र तेच राहिले. १८५२ मध्ये इंग्रज सरकारने जमीनमोजणी सुरू केली तेव्हा या हातांनी प्रथमच मोठा आवाज उठवला. सावद्यात दहा ते पंधरा हजार लोक जमले. लष्कराची तुकडी येऊन पुढाऱ्यांना पकडीपर्यंत जमाव हटला नाही. त्या काळी दहा हजार माणसे चालत किंवा बैलगाडीने एका गावात गोळा होणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा.

या लोकांबद्दल मला आदर वाटतो. आमची जमीन तुमच्या साखळीने मोजली म्हणून तुमची होत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण एक गोष्ट मनात राहते. मोजणी झाली आणि ज्याच्या नावे शेत होते त्याचे नाव सरकारी वहीत चढले. त्याच शेतात राबणाऱ्या सालदाराचे नाव कुठे चढले? तो गावाचा होता की नव्हता? त्याच्यासाठी कोणी जमले नव्हते.

हा प्रश्न केवळ खानदेशाचा नाही. आपल्यापैकी नगरकडून आलेल्यांनी घरात स्विस जेज्विट फादरांची नावे ऐकली असतील. फादर हर्मन बाखर यांनी तिकडच्या दुष्काळी गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवण्याचे काम उभे केले. २०२१ साली ते वारले. त्यांच्या देशात गावाविषयी एक विलक्षण रीत आहे. स्विस माणसाच्या पासपोर्टवर जन्मस्थान लिहीत नाहीत, 'मूळ गाव' लिहितात. पणजोबांनी सोडलेले आणि स्वतः कधी न पाहिलेले गावही तिथे असू शकते. (लग्नानंतर बायकोला नवऱ्याचे गाव लागत असे, हा नियम २०१३ पासून गेला. आपल्याकडे सुनेला तिचे मूळ गाव विचारतो कोण?)

या रीतीला एक चांगली बाजू होती. माणूस कुठेही जाऊन कंगाल झाला तरी त्याला पोसण्याची जबाबदारी पूर्वी मूळ गावावर असे. दुसरी बाजू कठोर होती. गावाचे रान आणि डोंगरावरचे कुरण सामाईक असे, पण ते त्या गावाच्या नोंदलेल्या लोकांपुरतेच. वाटेकरी वाढू नयेत म्हणून गावे दारे लावून घेत. फिरस्ते कारागीर आणि त्यांची मुलेबाळे यांना कोणतेच गाव आपले म्हणेना. शेवटी १८५० मध्ये स्वित्झर्लंडला कायदा करावा लागला की अशा प्रत्येकाला कुठल्या तरी गावाने आपल्यात घेतलेच पाहिजे. त्याच सुमारास काही गावांनी स्वतःच्या गरिबांना भाडे देऊन अमेरिकेच्या बोटीत बसवले, कारण त्यांना पोसण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. चित्रातल्या दिनदर्शिकेवर आपण तो चर्चचा मनोरा आणि हिरवा डोंगर पाहतो. त्या मनोऱ्याखाली रविवारी मिस्सा ऐकून लोकांनी हे ठराव केले, हे विसरू नये.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात देव इस्राएलला जमीन कायमची विकू देत नाही, कारण ती त्याची आहे आणि लोक तिथे त्याचे पाहुणे आहेत. म्हणजे देवाच्या वहीत मूळचा असा कोणीच नाही. गंमत अशी की पॅरिश हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थही परक्या जागी उपऱ्यासारखे राहणे असाच आहे. मराठीत आपण त्याला धर्मग्राम म्हणतो. ग्रीक शब्द म्हणतो तुम्ही उपरे, मराठी शब्द म्हणतो हे तुमचे गाव. मला दोन्ही खरे वाटतात. बाबेलला बंदी करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्र पाठवले त्यात तरी दुसरे काय होते? घरे बांधा, मळे लावा, ज्या शहरात आहात त्याचे भले मागा. मनाने यरुशलेममध्ये राहून बाबेलमध्ये नुसते दिवस ढकलायला त्याने सांगितले नाही.

आपल्याकडच्या केळीचेच पाहा. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण आज शेताशेतात उभ्या असलेल्या ग्रँड नैनचे नावच फ्रेंच आहे, आणि तिला मूळ गाव विचारून कोणी खड्डा केलेला नाही.

आता ख्रिस्तसभेचा कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण पुष्कळांना ते ठाऊक नसते. १९८३ च्या कॅनन लॉमधील १०२ व्या नियमाप्रमाणे कायम राहण्याच्या इराद्याने आलेला माणूस आल्या दिवसापासून त्या धर्मग्रामाचा होतो. इरादा नसला तरी पाच वर्षे राहिला की होतोच. आणि जो तीन महिने राहिला आहे, किंवा तेवढे राहायच्या विचाराने आला आहे, त्याचाही हा धर्मग्राम होतो. उतारा, भाडेपावती, जात, आडनाव यांपैकी काहीच विचारलेले नाही. त्याची मुले इथली, त्याचा आजारी इथला, आणि त्याला हवी असेल तर कबरीची जागाही इथलीच.

केळीच्या कामाला आलेली काही कॅथलिक कुटुंबे शेतावरच राहतात. मिस्सेला ती मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जातात. आपल्या कुटुंबनोंदीत त्यांची नावे नाहीत. विभागप्रमुखांनी या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर जाऊन नावे लिहून आणावीत. मूळ गावाचा रकाना कोरा राहिला तरी चालेल.