थोरलेपण

सज्जनहो, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथ महाराजांच्या समाधीपुढे उभे राहाल तेव्हा एक गोष्ट मनाला विचारा. ज्ञानेश्वरी सांगितली ज्ञानोबारायांनी. मग निवृत्तिनाथांचे थोरपण कशात? परंपरा सांगते की ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून मिळालेला बोध त्यांनी आपल्यापाशी ठेवला नाही, धाकट्या भावाच्या पदरात घातला. शके १२१२ मध्ये नेवाशाला धाकटे बोलले आणि थोरले श्रोते होऊन बसले. तरी नुसते ऐकत राहिले नाहीत. स्तुती लांबली तेव्हा मूळ विषयाकडे वळा, असेही त्यांनी सांगितले.

आपल्यातले कितीतरी जण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, बँकेत, कचेरीत चार माणसांवर अधिकारी आहेत. बढती मिळाली की पगार वाढला, खुर्ची बदलली, एवढ्यालाच आपण प्रगती म्हणतो. पण कामगाराला स्वतःच्या हातचे काम साधले की पुरते. अधिकाऱ्याला ते दुसऱ्याच्या हातून साधावे लागते. कसोटी इथेच लागते. हाताखालचा मुलगा मशीनचा बिघाड आपल्याआधी ओळखतो, साहेबांपुढे नीट बोलतो, आणि आपल्याला ते खुपते. मग एखादी खुबी आपण राखून ठेवतो. त्याने सुचवलेली सुधारणा वर सांगताना त्याचे नाव घ्यायचे विसरतो. हे विसरणे साधे नव्हे, तो अहंकार आहे. दिंडीत ज्याच्या पाया पडलो, त्याचेच नाव पाळीवर घेताना जीभ का अडावी?

कोणी म्हणेल, सगळे शिकवून टाकले तर उद्या आम्हाला कोण विचारील? संसार नोकरीवर चालतो, ही भीती खोटी नाही. पण राखून ठेवलेले ज्ञान आपल्यालाच बांधून ठेवते. रजा घेता येत नाही, वारीला निघता येत नाही, कारण मागे सांभाळणारा आपण तयारच केलेला नसतो.

देणे म्हणजे मोकळे सोडून देणेही नव्हे. चूक दिसली तर बाजूला घेऊन स्पष्ट सांगावी. वरून जाब विचारला गेला तर पुढे आपण व्हावे. कौतुक झाले तर त्याला पुढे करावे. हे रोज थोडे थोडे जमू लागले की मन सैल होते. नामाला बसलो तरी कारखाना डोक्यात फिरत राहत नाही. परमार्थाला याहून वेगळी तयारी कोणती हवी?

यंदा ज्येष्ठात नाथांच्या पालखीबरोबर निघायचे म्हणून रजेचा अर्ज लिहाल, तेव्हा आपल्या जागी काम पाहणाऱ्याचे नाव निःशंकपणे लिहिता येते का, तेवढे पाहा. येत नसेल, तर शिकवायला आजच बसा.

रामकृष्ण हरि.