दृष्टान्तापासून लक्षणापर्यंत : व्याप्तीच्या कल्पनेचा विकास

डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, हे अनुमान भारतीय तर्कशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक ग्रंथात भेटते. ते बरोबर ठरण्यासाठी धूर आणि अग्नी यांच्यात कधीही न मोडणारा संबंध असावा लागतो, आणि या अव्यभिचारी साहचर्याला शास्त्रात ‘व्याप्ती’ म्हणतात. आज अनुमानाचा विचार व्याप्तीवाचून करता येत नाही. तरीही ही कल्पना आरंभापासून तयार नव्हती. ती सुमारे हजार-बाराशे वर्षांत घडत गेली, आणि तिच्या घडणीत नैयायिकांइतकाच वाटा त्यांच्या प्रतिपक्ष्यांचा आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानवाक्याचे पाच अवयव सांगितले आहेत : सिद्ध करायचे ते मांडणारी प्रतिज्ञा, तिचे कारण देणारा हेतू, उदाहरण, ते उदाहरण प्रस्तुत विषयाला लागू करणारा उपनय आणि निष्कर्ष सांगणारे निगमन. यांतील उदाहरण दृष्टान्तावर उभे असते, आणि ज्या गोष्टीविषयी सामान्य माणूस व जाणकार परीक्षक या दोघांचेही एकमत असते ती गोष्ट म्हणजे दृष्टान्त, असे सूत्रकार सांगतात. वात्स्यायनाच्या भाष्यातील अनुमान पाहिले तर शब्द अनित्य आहे, कारण तो उत्पन्न होतो, आणि उत्पन्न होणारी थाळी वगैरे वस्तू अनित्य असते, अशी त्याची मांडणी आहे. येथे भर थाळीशी असलेल्या साधर्म्यावर दिसतो. ‘जे जे उत्पन्न होते ते ते सर्व अनित्य’ असा सार्वत्रिक नियम स्वतंत्रपणे सिद्ध करण्याची गरज अजून भासलेली नाही.

मात्र केवळ साधर्म्य पुरेसे नाही, ही जाणीव त्याच सूत्रांत उमटलेली आहे. पाचव्या अध्यायात ‘जाती’ या नावाने चोवीस प्रकारची फसवी प्रत्युत्तरे दिली आहेत. त्यांतील पहिलेच असे की, शब्दाचे थाळीशी साम्य आहे म्हणून तो अनित्य ठरत असेल, तर एखाद्या नित्य वस्तूशीही त्याचे काही ना काही साम्य असल्यामुळे तो नित्य का ठरू नये? यावर सूत्रकारांचे उत्तर असे की गाय ही गोत्वामुळे गाय ठरते, तसे येथेही समजावे. म्हणजे वाटेल ते साम्य चालत नाही, नेमका निर्णायक धर्मच हवा. पुढे व्याप्ती या नावाने जे विकसित झाले त्याचे बीज या उत्तरात आहे.

या बीजाला काटेकोर आकार दिला तो बौद्ध आचार्य दिङ्नागाने, इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकांच्या सुमारास. हेतू पक्षात, म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचे त्यात असावा. सपक्षात, म्हणजे साध्य असलेल्या इतर ठिकाणी असावा. आणि विपक्षात, म्हणजे साध्य नसलेल्या ठिकाणी मुळीच नसावा, ही हेतूची तीन रूपे त्याने प्रमाणभूत मानली. सपक्षात हेतू सर्वत्र, काही ठिकाणी किंवा कोठेच नसणे आणि विपक्षातही याच तीन शक्यता, असे नऊ पर्याय मांडून त्याने ‘हेतुचक्र’ रचले, आणि त्यांतील दोनच हेतू खरे, दोन विरुद्ध व उरलेले पाच अनिश्चित असा निर्णय दिला. एकेका दृष्टान्तावर विसंबण्याऐवजी सर्व शक्यतांची मोजदाद करण्याची पद्धत येथे स्पष्टपणे पुढे आली.

पण विपक्षात हेतू नाही हे कळणार कसे, हा प्रश्न शिल्लकच होता. सातव्या शतकात धर्मकीर्तीने दाखवून दिले की न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. भांड्यातील काही दाणे शिजलेले दिसले म्हणून एकाच भांड्यात असलेले सगळेच तांदूळ शिजले आहेत असे ठामपणे म्हणता येत नाही, हे त्याचे उदाहरण मराठी वाचकाला विशेष रोचक वाटेल, कारण ‘शितावरून भाताची परीक्षा’ या व्यवहारातील भरवशालाच ते हात घालते. धर्मकीर्तीच्या मते वस्तूंच्या स्वभावातच बंधन असेल तरच नियम टिकतो, आणि असे बंधन दोनच प्रकारचे असते : शिंशपा हा वृक्षच असतो यातील तादात्म्य, आणि धूर अग्नीपासून उपजतो यातील कार्यकारणभाव.

नैयायिकांना ही विभागणी अपुरी वाटली. फळाच्या चवीवरून त्याच्या रंगाचे अनुमान होते. पण चव म्हणजे रंग नव्हे आणि चव रंगापासून निर्माणही होत नाही. म्हणून वाचस्पती मिश्राने संबंधाचे प्रकार ठरवण्याऐवजी तो स्वाभाविक, म्हणजे ‘उपाधी’विरहित असावा, एवढी अट घातली. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात उदयनाने उपाधीच्या कल्पनेला शास्त्रीय रेखीवपणा दिला. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धूर असतो तेथे ओल्या सरपणाचा संयोग असतोच, पण अग्नी असतो तेथे तो असतोच असे नाही. साध्याला व्यापणारी पण हेतूला न व्यापणारी अशी ही गोष्ट म्हणजे उपाधी, आणि ती सापडली की हेतू कोसळतो.

दरम्यान चार्वाकांचा मूलभूत आक्षेप उभाच होता : भूत, भविष्य आणि दूरदेश यांतील प्रत्येक धूर पाहिल्याशिवाय नियमाची खात्री कशी द्यावी? उदयनाचे उत्तर असे की शंकेलाही मर्यादा असते. जी शंका शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विसंगत ठरते, ती तेथेच थांबते. बाराव्या शतकात वेदान्ती श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात उदयनाचेच शब्द फिरवून या उत्तरावर हल्ला केला. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने श्रीहर्षाला उत्तर देताना माणसाच्या प्रवृत्तीकडे बोट दाखवले : धूर हवा असला की माणूस अग्नी पेटवतो, तृप्तीसाठी जेवतो, दुसऱ्याला कळावे म्हणून बोलतो, हे सर्व निःशंकपणे करणाऱ्याने त्याच संबंधांविषयी शंका धरणे टिकत नाही.

गंगेशाचे ‘तत्त्वचिन्तामणि’तील व्याप्तीचे विवेचन दुर्बोध म्हणून प्रसिद्ध आहे, आणि लक्षणाची वाक्ये सुटी वाचली तर ते तसे आहेही. पण त्यातील प्रत्येक शब्दामागे एक विशिष्ट अडचण उभी आहे. साध्य जेथे नाही तेथे हेतू नसणे, हे व्याप्तीचे सोपे लक्षण. आता एका झाडाच्या फांदीवर माकड बसले आहे आणि ‘हे झाड माकडाशी संयुक्त आहे, कारण ते हेच झाड आहे’ असे बिनचूक अनुमान केले. फांदीवर माकडाचा संयोग आहे, पण बुंध्याशी नाही. म्हणजे साध्याचा अभावही त्याच झाडात आहे आणि हेतूही तेथेच आहे, त्यामुळे सोपे लक्षण मोडते. शिवाय ‘सर्व काही शब्दाने सांगता येते, कारण ते ज्ञेय आहे’ अशा अनुमानात साध्याचा अभाव जगात कोठेच नसल्याने ते लक्षण लागूच पडत नाही. म्हणून गंगेशाने दिशा बदलली आणि हेतूच्या ठिकाणी ज्यांचा अभाव आढळतो अशा गोष्टींत साध्य मोडत नसावे, असे लक्षण केले. त्यावरही अडचण आली : डोंगरावर स्वयंपाकघरातला अग्नी नसतोच, मग तेथे अग्नीचा अभाव आहे असे का म्हणू नये? यासाठी तो अभाव अग्नित्वाच्या रूपाने नसून त्या विशिष्ट अग्नीच्या रूपाने आहे, हे दाखवणारा ‘अवच्छेदक’ म्हणजे मर्यादा घालणारा धर्म लक्षणात आणावा लागला. नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणीने आणि त्याच्यानंतर मथुरानाथ, जगदीश, गदाधर यांनी ‘नव्यन्याय’ म्हणून ओळखले जाणारे हे तंत्र कमालीचे सूक्ष्म केले.

आधुनिक अभ्यासाची सुरुवात उलट दिशेने झाली. १८२०च्या दशकात कोलब्रुकने न्यायदर्शनाचा परिचय युरोपला करून दिल्यावर पंचावयवी वाक्याची तुलना अॅरिस्टॉटलच्या त्र्यवयवी तर्काशी होऊ लागली, आणि अनेकांना दोन अवयव व दृष्टान्त हा फाफटपसारा वाटला. उत्तरकालीन व्याप्तिवाक्य गौतमाच्या उदाहरणात आयतेच आहे असे गृहीत धरल्याचा हा परिणाम होता. महाराष्ट्रातील पंडितांनी या अभ्यासासाठी भक्कम साधने तयार केली : अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठल्ये व बोडस यांची १८९७ ची आवृत्ती, आणि भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’, ज्याची वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी वाढवलेली आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२८ मध्ये काढली. कोशात एकेका संज्ञेची अनेक ग्रंथांतील लक्षणे शेजारी शेजारी मिळतात. ती ज्या आक्षेपांतून निघाली ते मात्र टीकांतूनच शोधावे लागतात. १९५१ मध्ये डॅनिएल इंगाल्स यांनी गंगेशाची लक्षणे आधुनिक चिन्हतर्काच्या भाषेत मांडली आणि नव्यन्याय म्हणजे निव्वळ शब्दच्छल ही समजूत मागे पडू लागली.

या इतिहासातून शास्त्रग्रंथांच्या अर्थनिर्णयासाठी एक नियम हाती येतो. कोणतेही लक्षण त्याच्या पूर्वपक्षाशिवाय वाचले तर त्याचे दोनच परिणाम होतात : ते एकतर अनाकलनीय ठरते, किंवा वाचणाऱ्याच्या काळातील ओळखीचा सिद्धान्त त्यावर लादला जातो. बौद्ध, चार्वाक आणि वेदान्ती यांना वगळून न्यायाची व्याप्ती समजत नाही. म्हणून भारतीय दर्शनांचा अभ्यास सहा-नऊ बंदिस्त कप्प्यांत विभागून शिकवण्याची रूढ पद्धत सोयीची असली, तरी या कल्पनांची घडण दाखवण्यास ती असमर्थ आहे.