टाळ वाजत राहिले तर

माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामी समाजआरती होते. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तर तिचे टाळ वाजतच राहतात. चोपदार तिच्यावर रागावत नाहीत. जवळ जाऊन विचारतात, काय झाले?

हे आठवले ते न्यायालयातल्या एका प्रश्नावरून. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमात, फाशी-जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर दोषी माणसाला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येते, फार तर तीन वर्षांसाठी. परिवीक्षा अधिकारी देखरेख ठेवतो आणि कामधंदा मिळवून द्यायलाही धडपडतो. समजा, लातूरकडच्या एका तरुणाला कानात आवाज ऐकू येतात. त्याने शेजाऱ्याचे डोके फोडले. कृत्याचे भान होते, म्हणून दोषी ठरला आणि बंधपत्रावर सुटला. गोळ्या चालू होत्या तोवर शेतात राबला. गोळ्या संपल्या, हजेरी चुकली, अट मोडली. हा हट्ट म्हणायचा की दुखणे?

पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवण्याची मुभा कायद्यातच आहे. आपण मात्र लगेच म्हणतो, ‘बघा, सुधारला नाही.’ पसायदानात माउलींनी खळांचा नाश मागितला नाही, त्यांचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. आजारी मन तर वाकडेही नसते.

तरी ज्याचे डोके फुटले त्याची भीती खोटी नाही. दया करा म्हणणारा बहुधा त्या गल्लीत राहत नसतो! म्हणून देखरेख हवीच. प्रश्न एवढाच, की हजेरी चुकल्यावर पहिला सवाल कोणता करायचा.

राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. नांदेड-लातूरहून एकही जवळ नाही. जिल्ह्याच्या गावी मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचे तर किनवट-देगलूरकडच्या माणसाचा, आणि सोबत येणाऱ्या आईचाही, एकेक रोज बुडतो. मग गोळ्या संपतात. घरात साखळीने बांधावे, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे.

अधिकारी रोज येऊ शकत नाही. गावातले भजनी मंडळ मात्र दर एकादशीला जमते. तो तरुण भजनाला दिसला नाही, तर सकाळी त्याच्या दारात जाऊन ‘गोळ्या आहेत का रे?’ हे कोण विचारणार, ते मंडळाने आधीच ठरवून ठेवावे. मार खाल्लेल्या शेजाऱ्याला मात्र हे काम सांगू नये.