कागदावरचा एक शब्द



रात्री-अपरात्री रक्तस्राव होऊन कॅज्युअल्टीत आलेल्या बाईच्या केसपेपरवर अनेकदा "इन्कम्प्लीट अबॉर्शन" असे लिहिले जाते. गर्भ आपोआप पडला तरी वैद्यकशास्त्रात शब्द तोच. मराठीतही "गर्भपात" दोन्हींना चालतो. प्रवचनात ज्या शब्दाबरोबर तिने आजवर पाप ऐकले, तोच शब्द आपल्या नावापुढे वाचून आईला काय वाटत असेल? नवरा तर बाहेरच्या बाकावर. आत बायकांचा वॉर्ड, त्याला जाऊ देत नाहीत.

तिने काहीही केलेले नाही, हे आधी सांगायला हवे. कळलेल्या दर १०० गरोदरपणांत सुमारे १० ते १५ असे संपतात, बहुतेक पहिल्या १२ आठवड्यांत, आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांचे कारण गुणसूत्रांतील दोष असते. पपई नाही, पाण्याची घागर नाही, नजर तर नाहीच. तरी सासरी चौकशी याचीच होते.

मग सांत्वन करणारे येतात. "अजून तरुण आहात, दुसरे होईल." "बाळ देवाजवळ गेले, रडू नका." दुसरे वाक्य आपल्या श्रद्धेचेच आहे, मग ते बोलण्यात चूक काय? मला वाटते, चूक वेळेची आहे. लाजरस पुन्हा उठणार हे प्रभू येशूला ठाऊक होते, तरी कबरेकडे जाताना तो आधी रडला. ईयोबाचे मित्रही सात दिवस गप्प बसले तोवर चांगले होते. बोलू लागले आणि बिघडले.

जानेवारी २०२२ मध्ये आर्वीत एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या खड्ड्यात अर्भकांच्या कवट्या व हाडे सापडली. बेकायदा गर्भपाताच्या तपासातली ती गोष्ट. आपण सारे हादरलो. पण आपल्याच घरच्या, आपोआप गेलेल्या बाळाचे काय होते, हे किती जणांनी विचारले? २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत जगण्याच्या वयाआधीचा गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. नियम रोगराई टाळण्यासाठी आहे, त्यात क्रौर्य नाही. तरी पिशवी बंद होण्याआधी "आम्हाला पाहू द्याल का, एक मिनिट प्रार्थना करू का" असे डॉक्टरांना विचारता येते. आपल्या धर्मग्रामातील ज्या भगिनी नर्स आहेत, त्यांनी तर आईने विचारायची वाट पाहू नये.

जुनी मंडळी अजून लिंबोच्या भीतीत आहेत. स्नानसंस्काराविना गेलेल्या बालकांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपवते (धर्मशिकवण १२६१), आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणे आहेत असे म्हटले. आईवडिलांचा स्नानसंस्कार देण्याचा विचार होता, तर बिशपांच्या परवानगीने अंत्यविधीही होऊ शकतो. १९८३ च्या कायद्यातील नियम ११८३ तसे सांगतो.

२ नोव्हेंबरच्या मिस्सासाठी नावे घेताना अशा कुटुंबांनीही वहीत नोंद करावी. नाव ठेवले नसेल, तर नुसते "आमचे बाळ" लिहिले तरी फादर वाचतील.