चेसिस नंबर

चाळिशीत माणसाला चष्मा लागतो. मला बुलेट लागली. गाडी तशी घरचीच, बाबांनी १९८६ साली घेतलेली. ते आधी अँपिअरच्या काट्याकडे बघत, डीकॉम्प्रेसर दाबत आणि मग देवाचं नाव घेऊन किक मारत. गल्लीला कळे, मास्तर निघाले.

बाबा गेल्यावर ती माझ्याकडे आली. वीस वर्षं खातेदारांच्या सह्या जुळवणाऱ्या कारकुनाला एकदा पाय पुढे टाकून, छातीएवढं उंच हँडल धरून किनवटच्या बाजारातून जावंसं वाटलं, तर त्यात गैर काय? उस्तादाकडे आधी नुसतं हँडल बदललं. त्याला जुनी सीट शोभेना. नव्या सीटला जुनी टाकी शोभेना. (लग्नानंतर घराचंही असंच होतं, पण ते असो.) मग सायलेन्सर, हेडलाइट, मडगार्ड, सगळं नांदेडहून आलं. जुन्या सामानाचे पाचशे रुपये उस्तादाने बिलातून वळते केले, तेव्हा मी खूशच झालो.

सौ. म्हणाली, "आता ही मामांची गाडी कुठं राहिली?"

प्रश्न जुनाच आहे. प्लुटार्कने लिहून ठेवलंय की, अथेन्सवाले थीसियसच्या जहाजाची कुजकी फळी काढून नवी घालत गेले, आणि जहाज तेच की दुसरं यावर तिथले तत्त्वज्ञ भांडत बसले. आपल्या कायद्याला असल्या शंका येत नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: आर.सी. बुकातल्या मूळ तपशिलाशी फरक पडेल असा बदल करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. (हे मला गाडी सजवून झाल्यावर कळलं.) बँकेत तर त्याहून सोपं. तारण गाडीचा आत्मा म्हणजे चेसिस नंबर. तो जुळला की बरोबरची खूण.

सौ.ला हे समजावलं. ती म्हणाली, "मामा तुम्हाला काय नंबरावरून ओळखायचे?"

सतराव्या शतकात हॉब्ज नावाच्या इंग्रजाने यात आणखी घोळ घातला: काढलेल्या फळ्या जमवून कुणी त्यांचंच जहाज बांधलं, तर खरं कुठलं? मला हे रिकामटेकडं वाटलं होतं. पण उस्तादाने पोत्यात ठेवलेलं माझं जुनं सामान इस्लापूरकडच्या एका गिऱ्हाइकाच्या बुलेटवर चढवलं.

परवा संध्याकाळी टपरीवर उभा होतो. पाठीमागून धडधड आली. बाबांनी दोनदा डाग मारून घेतलेल्या सायलेन्सरची, मधेच खाकरणारी. माझी गाडी समोरच उभी होती, चेसिस नंबरासकट. तरी हातातली सिगारेट खाली पडली आणि मी टपरीमागे जाऊन उभा राहिलो.